पाच निळी पिंपं आणि एक खराटा

२१ जुलै, सोमवार
सामोआत परत येऊन आज नऊ दिवस झाले. ऑकलंडमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली सतरा कचरागाडीच्या मागे धावण्यात आणि चौदा ती चालवण्यात. ही डायरी कंपनीने निरोपाच्या चहाला दिली. जानेवारीपासूनची पानं कोरीच गेली, पण त्यात लिहिण्यासारखं काही घडलंही नव्हतं.
इथे मात्र भरपूर घडणार आहे. गाव सुंदर, माणसं चांगली, पण कचऱ्याचं शास्त्र कोणालाच माहीत नाही. रस्त्यालगत प्रत्येक घरासमोर चार खांबांवर लाकडी मचाण, आणि मचाणावर कचरा. राखणीला माणूस बसवावा तसा कचरा बसवलाय. हे बदलायचं. रस्ता स्वच्छ करून दाखवायचा. मग गावात एनेलिको कोण हे कळेल.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

२२ जुलै
उठलो सव्वासातला. प्रवासाचा शीण.

२३ जुलै
पावणेआठ. प्रवासाचा शीण अजून आहे. झोप मात्र छान लागते. पहाटे पहाटे समुद्राचा आवाज येतो, सळ्ळ सळ्ळ, लांबवर चाललेला. ऑकलंडला असं काही नव्हतं.
आज पानं उडवायचं मशीन चालवलं. खास तिकडून आणलंय, पेट्रोलवर चालतं. अंगणात निरफणसाचं झाड आहे, त्याची पानं ताटाएवढी, आणि पडतात ती नेमकी मालियावर. मालिया म्हणजे माझी बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. तिला गावी आणून घरासमोर, रस्त्याच्या आणि ओसरीच्या मधे, पांढऱ्या फरशीखाली ठेवलंय. सकाळचा चहा मी तिथेच बसून घेतो. गावाकडे तोंड करून बसलं की बरं वाटतं.
मशीनने दहा मिनिटांत सगळं साफ. पानं थेट समोरच्या दुकानात गेली. दुकानवाल्या लाफाएलेने कोको वाळत घातला होता. त्याचं म्हणणं, पानांखालून कोको शोधायला त्याच्या बायकोला दुपार लागली. नव्या तंत्रज्ञानाला सुरुवातीला विरोध होतोच.

२६ जुलै, शनिवार
एक नोंद करण्यासारखी गोष्ट. मशीन बुधवारी एकदाच चालवलं. त्यानंतर रोज सकाळी बघतो, अंगणात पान नाही. झाडावरून पडतच असणार, पण जमिनीवर नाही. म्हणजे एकदा जोरात झटका दिला की गुण टिकतो. पेट्रोल संपलंय, पण आणायची घाई नाही.

३१ जुलै, गुरुवार
महिन्याचा शेवटचा गुरुवार, म्हणजे बायकांच्या समितीची तपासणी. एकसारख्या जांभळ्या कापडाच्या कपड्यांत वीस-बावीस जणी, पुढे अध्यक्षीण फुआतिनो. ती मालियाची चुलत बहीण. मला भाऊजी म्हणते, पण पोलिसाने 'साहेब' म्हणावं तशा आवाजात. घरोघरी शिरतात, चटया उचलतात, नारळाच्या करवंटीत डास आहेत का बघतात, संडासात डोकावतात, वहीत लिहितात. संध्याकाळी समितीच्या घरात सगळ्या घरांची नावं आणि शेरे वाचतात. पुरुषांना आत मज्जाव. निकाल बायका घरी जाऊन सांगतात.
मी भांडी घासून उन्हात मांडली होती. चादरींच्या घड्या केल्या होत्या. त्या फाटकाशी थांबल्या, मालियाकडे पाहिलं, अंगणभर नजर फिरवली, फुआतिनोने वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुढे गेल्या. आतच आल्या नाहीत.
स्वच्छ घर लांबूनही कळतं.

१ ऑगस्ट
लाफाएलेला सहज विचारलं, माझ्या घराचा काय शेरा आला. तो म्हणाला, बायको सांगते एनेलिको नावाचं घर यादीत वाचलं गेलंच नाही. नीट ऐकलं का, असं मी तीनदा विचारलं. त्याने बायकोलाच बाहेर बोलावलं. ती म्हणाली नाही, आणि हसत आत गेली.
कारण उघड आहे. यादी बायकांच्या नावांनी असते. घरात बाई नाही म्हणून घर नाही. फुआतिनोने पहिल्याच आठवड्यात पुतणीला राहायला पाठवू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणालो. पोरीबाळी आल्या की चपला कुठेही पडतात.
एकसष्ट घरांच्या गावात बासष्टावं घर दिसत नाही. त्यांना ते दिसायला लावलं पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार
सेलिनाचा फोन. माझी मुलगी. तिच्या गॅरेजमध्ये माझ्यासाठी खोली केली आहे, खिडकी बसवली आहे, असं तिने पुन्हा सांगितलं. परतीचं तिकीट ३१ ऑक्टोबरपर्यंत चालेल याची आठवण दिली. ते तिकीट तिनेच दोन्ही बाजूंचं काढलं. दोन्ही बाजूंचं स्वस्त पडतं म्हणे. म्हणाली, "बाबा, तिथे तुम्हाला कोणी विचारतं का?"
मी म्हणालो, मला विचारल्याशिवाय गावात पान हलत नाही.
ती म्हणाली ठीक आहे, ऑक्टोबरच्या शेवटी बोलू. तोवर गावात तुमचं काही बस्तान बसलं असेल तर राहा, नाहीतर हट्ट न करता या. मी कबूल केलं. मला काय, तोवर नाव यादीत असेल.
दुपारी फुआतिनोकडून झाकलेलं ताट आलं. अळूच्या पानात नारळाचं दूध घालून केलेली भाजी, डुकराचा तुकडा, अळकुड्या. दर रविवारी येतं. वयाचा मान ठेवतात.

११ ऑगस्ट
हुद्दा ठरवला: रस्ता स्वच्छता संचालक. लाफाएलेला सांगितलं. नेमणूक कोणी केली, असं त्याने विचारलं. काही पदं माणूस स्वतः उचलतो, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "उचला, ऑकलंडकर, पण कंबर सांभाळून."
आजपासून नारिंगी जाकीट घालून रस्त्याने फिरतो. साडेनऊ ते अकरा. त्याआधी ऊन तिरपं असतं, कचरा नीट दिसत नाही. तसं पाहिलं तर कचरा फारसा सापडतही नाही. पण यंत्रणा तयार पाहिजे.

१४ ऑगस्ट
संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. रस्ता बंद, सगळे आपापल्या घरात. घराघरातून गाणी सुरू झाली, चार-चार सुरांत. माझ्या घरात मी एकटाच. आधी खालचा सूर गातो, मग तेच कडवं वरच्या सुरात. मालियाचा सूर मधला होता, तो जमत नाही, तेवढी जागा सोडतो. वेळ दुप्पट लागतो, पण प्रार्थना सावकाश व्हावी.
आज माझं आमेन सगळ्यांच्या नंतर झालं. प्रार्थनेच्या वेळी कोणी फिरू नये म्हणून रस्त्यावर पहारा करणारे थांबून ऐकत होते. किंवा मी संपवायची वाट बघत होते.

२८ ऑगस्ट, गुरुवार
तपासणी. या वेळी फाटक उघडंच ठेवलं, ओसरीवर चहाचे बावीस कप मांडले. तेवढे नव्हते, लाफाएलेकडून आणले. त्या फाटकाशी थांबल्या. फुआतिनोने लिहिलं. गेल्या. तिने जाता जाता विचारलं, पाहुणे येणार आहेत का? मी म्हटलं, हो, बहुतेक.
लाफाएलेच्या बायकोकडून निकाल: एनेलिको नाव नाही.
आता पिंपं.

२ सप्टेंबर
सालेलोलोगा बंदराच्या धक्क्यावरून तेलाची पाच रिकामी पिंपं मिळवली. वरची झाकणं कापली, निळा रंग दिला. रस्त्यावर पाच ठिकाणी ठेवली. प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरांत: 'कचरा येथेच टाकावा. आदेशावरून, संचालक.'
मग मचाणं. लाफाएलेला बसवून समजावलं की कचरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवणारा जगात हा एकच देश. कचरा जमिनीवर हवा, उचलायला सोपा. तो म्हणाला, आजोबांनी मचाण उगाच बांधलं नसेल. मी म्हटलं, आजोबांनी ऑकलंड पाहिलं नव्हतं. हे त्याला पटलं, किंवा तो कंटाळला. शेवटी मचाण पाडू दिलं. आणखी दोन घरांची पाडली. लाकूड मीच वाहिलं.

५ सप्टेंबर
पिंपांना प्रतिसाद उत्तम. एकात पावसाचं पाणी साठवायला घेतलंय, एकावर कोणीतरी चटई वाळत घातली आहे, एक दिसत नाही. उरलेल्या दोनांत कचरा आहे.

७ सप्टेंबर, रविवार
वाईट दिवस. तपशील टाळतो.
एवढंच लिहितो की डुकरांना शिस्त नाही. पिंप जमिनीवर असलं की ते नाकाने आडवं करतात, हे कोणीतरी मला वेळेत सांगायला हवं होतं. मचाण का असतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि एकाने तोंड उघडलं नाही. ऑकलंडच्या रस्त्यावर एकतीस वर्षांत एक डुक्कर भेटलं नाही, तर मला अनुभव कुठून येणार?
रात्रीतून दोन्ही पिंपं आडवी. सकाळी घंटा झाली, सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत चर्चकडे निघालं, आणि रस्त्यावर माशांचे डबे, करवंट्या, कोंबडीची पिसं. ते एक वेळ ठीक. पण पाद्रीबाबांच्याच डुकरिणीने कोणाच्या तरी बाळाचं लंगोट तोंडात धरून चर्चच्या पायरीपर्यंत आणलं आणि दारात ठेवलं. अर्पणच.
मी नारिंगी जाकीट घालून पुढे झालो, पण तोवर फुआतिनोने ते लंगोट छत्रीच्या टोकाने उचललं होतं. छत्रीवर लंगोट, आणि चेहऱ्यावर अजिबात भाव नाही. गायला सुरुवात झाली तरी मागच्या बाकांवर हसणं चालू होतं.
जेवणाचं ताट आलं. पाठवलं तेच आश्चर्य.

८ सप्टेंबर
समितीचा दंड झाल्याचं कळलं. एक खोकं मासळीचे डबे. मी खोकं आणायला निघणारच होतो, पण कोणी मागायला आलं नाही. दोन दिवस वाट बघतो.

१२ सप्टेंबर
कोणी आलं नाही. दंड माफ केलेला दिसतो. समाजात ज्येष्ठतेला अजून किंमत आहे.
लाफाएलेचं मचाण पुन्हा उभं राहिलं. पूर्वीपेक्षा हातभर उंच.

१८ सप्टेंबर
गुण टिकतोय याची पुन्हा नोंद. जवळजवळ दोन महिने मशीनला हात लावला नाही, तरी अंगणात पान नाही. मालियाभोवतीच्या वाळूत बारीक रेघा दिसतात, गोल गोल, अगदी सारख्या अंतरावर. कोंबड्या उकरतात. इथल्या कोंबड्या नीटनेटक्या आहेत.
उठलो साडेसातला. पहाटे झोपेत समुद्राचा आवाज छान येत होता. ओहोटी असूनही.

२१ सप्टेंबर, रविवार
सेलिनाला फोनवर रस्ता दाखवला. फोन फिरवून अंगण दाखवलं, आईची जागा दाखवली. ती फोनजवळ सरकली. मग म्हणाली, किती स्वच्छ ठेवलंय बाबा तुम्ही. मी म्हटलं, पद्धत लावली की राहतं.
मग म्हणाली, पण रस्त्यावर माणूसच दिसत नाही.
मी म्हटलं, सगळे जेवून झोपलेत.
तिने विचारलं, तुम्ही कोणाकडे जेवलात?
लाइन खराब झाली. मीच बंद केली, म्हणजे बंद करावी लागली.

२५ सप्टेंबर, गुरुवार
तपासणी. फाटक. वही. गेल्या.
या वेळी लाफाएलेला विचारायला गेलो नाही. तोच आला. म्हणाला, "नाही रे." ऑकलंडकर नाही, काही नाही, नुसतं 'नाही रे'. आणि बिस्किटांचा पुडा ठेवून गेला. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार
मुलांचा रविवार. सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, चर्चमध्ये तीच बोलणार, तीच गाणार, आणि दुपारी मोठ्यांनी त्यांना आधी वाढायचं आणि मागाहून आपण जेवायचं. मी आठ जणांना पुरेल एवढा आइस्क्रीमचा डबा आणून ठेवला होता. कोणी पोर वाट चुकून आलंच तर असावा. वाट सरळ आहे, चुकायला वाव नाही.
तीनपर्यंत वाट पाहिली. मग जाकीट घालून रस्त्यावरचे आइस्क्रीमचे कागद वेचले. सत्तेचाळीस. आजच्या दिवशी खरंच कचरा होता आणि संचालक हजर होता.
घरी येऊन आपल्या डब्यातलं थोडं खाल्लं. वितळलं होतं. मालियाशी बसून खाल्लं. तिला व्हॅनिला आवडायचं नाही, म्हणून वाटणीचा प्रश्न आला नाही.

१९ ऑक्टोबर, पहाट, ४.५०
उठलो आहे. दाढ दुखतेय म्हणून संध्याकाळीच झोपलो होतो, त्यामुळे. पण उठलो हे खरं. अंधार आहे. समुद्राचा आवाज चालू झालाय. आणि तो समुद्राकडून येत नाही.

त्याच दिवशी, नंतर
पडद्याआडून पाहिलं ते जसं होतं तसं लिहितो.
आमच्या अंगणात फुआतिनो. जुना झगा, डोक्याला फडकं, हातात माडाच्या हिरांचा खराटा. कंबरेत वाकून मालियाभोवती गोल गोल झाडत होती, सळ्ळ सळ्ळ. आणि बोलत होती. मला वाटलं माझ्याशीच, म्हणून मी श्वास धरला. ती मालियाशी बोलत होती. लाफाएलेची सून बाळंत झाली, मुलगी आहे, नाकाने आज्जीवर गेली. पाद्रीबाबांचं गुडघ्याचं दुखणं. अळूला कीड. गावातलं सगळं, एकेक करून.
मग म्हणाली:
"तुझा नवरा तसाच गं. गावभर डबे मांडतो. जाकीट घालून साहेबासारखा फिरतो. पण खराटा हातात धरेल तर शपथ. तिकडे तरी कचरा उचलत होता की गाडीला नुसता टेकून उभा राहत होता?"
खराटा झटकून म्हणाली, "गातो मात्र बिचारा. तुझी जागा सोडून गातो."
मग पानं पाटीत भरली आणि गेली.
मी मुद्दाम पुढे झालो नाही. कोणाच्या कामात व्यत्यय आणू नये.
बाहेर रस्त्यावर नजर टाकली. अंधारात, चुलींच्या धुरात, प्रत्येक घरासमोर एक-एक बाई वाकलेली. पलीकडून अलीकडे, गावभर. एकमेकींशी मोठ्याने बोलताहेत, हसताहेत. तीन महिने रोज पहाटे हा आवाज मी ऐकला, आणि त्याला समुद्र समजलो.
मशीनचा गुण वगैरे जे आधी लिहिलंय ते खोडत नाही. नोंद म्हणून राहू दे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
समितीच्या घरी गेलो. पायरीखाली उभा राहिलो. आत बायका चटया विणत होत्या. फुआतिनो बाहेर आली. मी म्हटलं, आमच्या अंगणाबद्दल बोलायचं आहे. आत विणणं थांबलं.
तिने सांगितलं ते थोडक्यात असं. मालियाचं नाव समितीत कधीपासूनच आहे. ऑकलंडच्या इस्पितळात ती कपडे धुवायच्या खात्यात होती. तिथल्या काढून टाकलेल्या चादरी, टॉवेल ती दर नाताळला विचारून घ्यायची आणि खोकं भरून समितीला पाठवायची, बावीस वर्षं. गावातलं प्रत्येक बाळ त्या चादरींत गुंडाळलं गेलंय. (मला वाटायचं ती खोकी तिच्या आईला जातात. टपालात मीच टाकून यायचो.) तिला इथे आणून ठेवलं त्या संध्याकाळी बायकांनी ठरवलं की मालियाची झाडायची पाळी चुकवायची नाही. एकसष्ट घरं, रोज एक बाई. आपलं अंगण झाडून झालं की तिचं. दोन वर्षं चालू आहे. वहीत दर महिन्याला बासष्टावं नाव वाचलं जातं: मालिया. शेरा उत्तम. एकदाही चुकला नाही.
मी विचारलं, आणि ते दंडाचं खोकं?
"भरलं मी. तिच्या नावावर लंगोट कशाला राहू द्यायचं?"
मी म्हटलं ठीक आहे, आता मी आलोय, तेव्हा यादीत माझं नाव घालावं. दहा दिवसांत घालता आलं तर बरं. मला मुलीला कळवायचं आहे.
फुआतिनोने कंबरेची वही काढली. पान उघडलं. खालून शेवटचं नाव मला दाखवलं.
"घालते की, भाऊजी. एका घराचं एकच नाव असतं, जे झाडतं त्याचं. तुमचं घालायचं तर हे खोडावं लागेल." तिने पेन पुढे केलं. "माझ्या हाताने नाही खोडणार. तुम्ही खोडा."
पेन बराच वेळ मधेच होतं.
मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, करा, एकतीस तारखेच्या विमानापर्यंत विचारांना वेळ आहे. म्हणजे गावाला तिकिटाची तारीखही माहीत आहे.

२२ ऑक्टोबर
विचार केला. प्रशासकीयदृष्ट्या नाव बदलणं किचकट असतं. बावीस वर्षांच्या नोंदी विस्कळीत होतात. तेव्हा नाव आहे तेच राहू द्यावं, असा निर्णय मी घेतला आहे.
फुआतिनोला जाऊन कळवलं. आणि असंही कळवलं की उद्यापासून पाळी बंद करा, झाडायचं मी बघतो. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. जाकिटापाशी जास्त वेळ पाहिलं. मी तिचा खराटा मागितला. ती म्हणाली, खराटा आणि नवरा उसना देत नाही, स्वतःचा करा.
हिरं सोलून केला. सुतळी नीट बसेना, म्हणून ऑकलंडहून आणलेल्या खोक्याच्या चिकटपट्टीने बांधला.

२३ ऑक्टोबर
उठलो ५.१०. दाढ न दुखता, पहिल्यांदा. सव्वादोन तास लागले. मशीनने दहा मिनिटं लागायची. कंबर गेली. खराट्याची निम्मी हिरं अंगणात पडली, ती पुन्हा झाडावी लागली.
रस्त्यावरच्या बायकांचे खराटे एकदम थांबले. मग लाफाएलेच्या बायकोने पलीकडून विचारलं, जाकीट आज धुवायला टाकलंय का? आणि रस्ताभर हसणं सुरू झालं. मी वर पाहिलं नाही. वाकलं की वर बघता येत नाही, हा या कामाचा फायदा आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार
जमतंय. रेघा मात्र गोल येत नाहीत. कोंबड्यांना जमतात.
सेलिनाचा फोन. मी म्हटलं निकाल गुरुवारी आहे. कसला निकाल, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आईचा. तिला वाटलं असावं, बाबांचं डोकं चळलं. मी नीट समजावायला गेलो, तर आणखी बिघडलं. तिला चादरींचं माहीत होतं. खोक्यांना चिकटपट्टी तीच लावायची म्हणे, लहान असताना. मलाच कोणी सांगितलं नव्हतं, की मी विचारलं नव्हतं, हे आता कळायला मार्ग नाही.

२९ ऑक्टोबर
उद्या तपासणी. संध्याकाळी एकदा जास्तीचं झाडलं. पानांना मुभा नाही. पहाटे पुन्हा झाडणार.
मालियाला सांगितलं, काळजी करू नकोस. आणि मग सुचेना. गावातलं काय सांगायचं असतं ते मला माहीत नाही. फुआतिनोला माहीत असतं. मी पिंपांबद्दल सांगितलं. एकाचा पत्ता अजून लागलेला नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार
त्या आल्या. फाटकाशी थांबल्या नाहीत. फुआतिनो थेट आत आली, मालियाभोवती एक फेरी घातली. सावकाश. मागे गेली. थांबली. वहीत लिहिलं.
संध्याकाळी शंखाच्या आधी बायका समितीच्या घरातून निघाल्या, आपापल्या दारात निकाल सांगायला. मी ओसरीवर बसलो होतो, दिवा न लावता. निकाल मला कोण सांगणार, म्हणून उठून लाफाएलेकडे निघालो.
फाटकात फुआतिनो. हातात वही.
"भाऊजी," ती म्हणाली, "मालिया नापास."
मी म्हटलं, शक्य नाही. वाऱ्याचं काय, रात्री वारा सुटला होता, झाडाचं वय झालंय, चिकटपट्टी सामोआच्या हवेला टिकत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मालियाच्या फरशीवर बसली आणि चहा मागितला. दोन वर्षांत पहिल्यांदा नापास, सांगत होती. वाचलं तेव्हा आत सगळ्यांनी माना वर केल्या. मग कोणीतरी हसलं आणि मग कोणाला थांबता येईना. दंड एक खोकं. आणि या वेळी तुम्ही भरायचं, असं तिने बजावलं.
मी विचारलं, चुकलं कुठे?
तिने कपानेच दाखवलं. फरशीच्या मागची बाजू, ओसरीकडची. वीतभर जागेत पानं साचलेली, आठवडाभराची. रस्त्याकडची बाजू मी रोज तीनदा झाडली होती.
मी म्हटलं, "ती बाजू रस्त्यावरून दिसत नाही. कोण बघतंय तिकडे?"
"जिचं नाव आहे ती," फुआतिनो म्हणाली, आणि चहा संपवून उठली. शंख वाजायला आला होता.
जाताना म्हणाली, गाताना खालचा सूर तेवढा धरा, वरचा सोडा, कानाला त्रास होतो.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
खोकं दिलं. पावती मागितली, दिली नाही.
सेलिनाचे चार फोन येऊन गेलेले दिसतात. दुपारी विमान होतं. गडबडीत लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी तिला कळवलं की निकाल लागला, नापास, आता पुढच्या तपासणीपर्यंत इथून हलता येणार नाही, आईच्या नावाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही गंमत करताय का? मी म्हटलं, दंड भरलाय, गंमत कसली.
चिकटपट्टी काढली. फुआतिनोने सुतळी पाठवली आहे.
उद्या पाचला. मागच्या बाजूपासून.